बोल लावताना पहिली, औषध लावताना शेवटची

(माजिवड्यात बायकांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय फळ्यावर लिहिला आहे, 'लहान मुलांचे त्वचारोग'. तो वाचून मागच्या रांगेतली एक जण शेजारणीला म्हणाली, "खाजखरजेवर कसलं आलंय भाषण? एक ट्यूब आणली की झालं." मी ऐकलं. ती बोलली ते बरंच झालं. मला आज त्या ट्यूबविषयीच बोलायचं आहे. ती घरात कोणाकोणाच्या अंगाला लागते, आणि कोणाच्या अंगाला कधीच लागत नाही, त्याविषयी.

मी नर्स होते. बत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. माजिवड्यात लग्न होऊन आले ती १९८७ साली. तेव्हा हायवेच्या पलीकडे भाताची खाचरं दिसायची. आता टॉवर दिसतात, मेट्रोचे खांब दिसतात, आणि टॉवर बांधणाऱ्यांच्या पत्र्याच्या खोल्या दिसतात. त्या खोल्यांमध्येही बाळं आहेत आणि टॉवरमध्येही आहेत. दोन्हीकडची बाळं मी पाहिली आहेत. दोन्हीकडे बाळाच्या अंगावर पुरळ उठलं की पहिला प्रश्न एकच असतो, "आईनं काय खाल्लं?" दुसरा प्रश्न, "आई अंघोळ नीट घालत नाही का?"

आधी माझी स्वतःची चूक सांगते. दुसऱ्यांच्या चुका सांगण्याचा अधिकार त्यानंतर मिळतो.

गोष्ट १९९४ची. मी तेव्हा एका दवाखान्यात होते. एक बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. कडेवर सात महिन्यांची मुलगी. मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेवर पुटकुळ्या होत्या. खाजवून खाजवून त्यांत पू झाला होता, वर मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या होत्या. खरूज होती, आणि ती चिघळली होती. बाहेर साठ माणसांची रांग. मी बेंझिल बेंझोएटचं पांढरं औषध बाटलीत ओतून तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "जरा स्वच्छता ठेवत जा. किती घाण ठेवलंय पोराला!" ती काही बोलली नाही. मान खाली घालून गेली.

चार आठवड्यांनी तोच मुलगा मला मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात दिसला. तोंड सुजलेलं, डोळे सुजेनं मिटलेले, लघवी काळ्या चहासारखी आणि अगदी थोडी. रक्तदाब वाढलेला. कातडीवरच्या जखमांमध्ये जे जंतू शिरले होते, त्यांच्यामुळे मूत्रपिंडाला सूज आली होती. हे जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकोकस. मूळ आजार कातडीचा, आणि पोचला मूत्रपिंडापर्यंत. मी त्याच्या आईला विचारलं, "फोड चिघळल्यावर परत का नाही आणलंस?" ती म्हणाली, "सिस्टर, तुम्ही मला घाण म्हणालात. परत त्याच दारात कशी येणार?"

मुलगा बरा झाला. या आजारात बहुतेक मुलं बरी होतात. पण त्या वाक्याला मी आजवर उत्तर देऊ शकलेले नाही. मी त्या दिवशी तीन चुका केल्या. तिला बोल लावला, ही पहिली. चिघळलेल्या फोडांसाठी मुलाला डॉक्टरांपुढे उभं केलं नाही, ही दुसरी. आणि तिसरी सगळ्यांत मोठी, खरजेचं औषध मी एकट्या मुलापुरतं दिलं. कडेवरच्या मुलीकडे पाहिलं नाही. आणि ती बाई माझ्याशी बोलताना सारखी स्वतःच्या कोपराला खाजवत होती, तेही मला दिसलं नाही.

आता खरूज म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. हा एका बारीक किड्याचा आजार आहे. किडा इतका लहान की साध्या डोळ्यांनी जेमतेम ठिपका दिसला तर दिसला. त्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करते आणि तिथे अंडी घालते. त्या किड्याचं, अंड्यांचं शरीराला वावडं असतं, म्हणून खाज सुटते. रात्री जास्त सुटते. हा किडा मळातून जन्माला येत नाही. तो एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातो, जवळ झोपल्यानं, कडेवर घेतल्यानं, दूध पाजताना. दिवसातून दोनदा अंघोळ करणाऱ्या माणसालाही खरूज होते. गर्दीच्या खोलीत ती लवकर पसरते, कारण सहा माणसं एका सतरंजीवर झोपतात. तो दोष खोलीच्या मापाचा आहे, बाईच्या हाताचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली खरजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. म्हणजे जगालाही हे उशिराच कळलं.

मोठ्या माणसाला खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, कमरेवर, जांघेत होते. तान्ह्या बाळाचं तसं नसतं. त्याच्या तळहातांवर, तळपायांवर, डोक्यावर, चेहऱ्यावरही पुटकुळ्या येतात. बाळाला नीट खाजवता येत नाही, मग ते किरकिरतं, दूध सोडतं, रात्रभर रडतं. घरचे म्हणतात दात येतायत, दृष्ट लागलीय. बाळाचे तळपाय उलटून पाहा. आणि एकच प्रश्न विचारा, "घरात आणखी कोणाला रात्री खाज येते का?" या प्रश्नाला 'हो' उत्तर आलं की अर्धं निदान झालं.

आता औषध. हल्ली बहुधा पाच टक्के परमेथ्रिनचं मलम देतात. डॉक्टरांना दाखवून घ्यायचं. मोठ्यांनी मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळ्या अंगाला लावायचं. नखांखाली, बेंबीत, जांघेत, काही सोडायचं नाही. दोन महिन्यांवरच्या बाळाला डोक्याला आणि चेहऱ्यालाही लावायचं, डोळे आणि तोंडाभोवतीची जागा सोडून. त्याचे हात तोंडात जातात म्हणून हातांना मऊ कापडी मोजे घालायचे. दोन महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीही लावायचं नाही. रात्री लावायचं, आठ ते चौदा तास ठेवायचं, सकाळी धुवायचं. सात दिवसांनी पुन्हा एकदा. पाजणारी आईसुद्धा हे लावू शकते. पाजण्याआधी स्तनाग्र धुवायचं, इतकंच. पूर्वी गॅमा बेंझिन नावाचं औषध सर्रास मिळायचं. ते लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरतं. घरात जुनी बाटली असेल तर ती मुलांना लावू नका.

त्याच दिवशी कपडे, चादरी, गोधड्या गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवायच्या. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवायचं. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. ती राहिली म्हणून रोज रोज मलम चोळू नका. नव्या पुटकुळ्या येत असतील तर पुन्हा दाखवा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. घरातल्या प्रत्येकानं एकाच रात्री औषध लावायचं, ज्याला खाज नाही त्यानंही. कारण पहिल्यांदा खरूज होते तेव्हा किडा अंगावर आल्यावर चार-सहा आठवडे खाजच येत नाही. माणूस म्हणतो मला काही झालं नाही, आणि तोच घरभर वाटत असतो.

आता हिशेब करू. एका मोठ्या माणसाच्या अंगाला एका वेळी सुमारे तीस ग्रॅम मलम लागतं, म्हणजे बहुतेक एक अख्खी ट्यूब. घरात सासू-सासरे, नवरा-बायको, दोन मुलं. पैसे आहेत दोन ट्यूबचे. सांगा, कोणाला लागेल?

(इथे बैठकीत बायका हसल्या. मग गप्प झाल्या.)

बरोबर. मुलांना लागते. नवऱ्याला लागते, त्याला सकाळी कामावर जायचं असतं. उरलं तर सासऱ्यांना. बाई ट्यूबचं शेवटचं टोक पिळून स्वतःच्या बोटांना लावते, आणि म्हणते मला पुरे. आठ दिवसांनी मूल तिच्या कुशीत झोपून पुन्हा खाजवायला लागतं. मग सगळे म्हणतात, औषध लागू पडत नाही, आईच नीट लक्ष देत नाही. मैत्रिणींनो, औषध लागू पडलं होतं. आईला ते मिळालंच नव्हतं. बोल लावताना ती पहिली, औषध लावताना ती शेवटची. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीचं सार मी तुम्हाला या एका ओळीत सांगितलं.

तेव्हा घरातल्या माणसांची संख्या मोजून औषध मागा. दवाखान्यात सांगा, "आम्ही सहा जण आहोत." त्या सहांत स्वतःला धरा. बायका माणसं मोजताना स्वतःला विसरतात, हे मी रेशनकार्डाच्या रांगेतही पाहिलंय.

आता त्या दुसऱ्या ट्यूबविषयी. ही खरजेची नाही. ही केमिस्टकडे मागितली की मिळते, आणि तिच्यात तीन-चार औषधं एकत्र असतात. बुरशीचं, जंतूंचं, आणि सोबत स्टिरॉइड. नायटा, खरूज, घामोळं, लंगोटाचा लाल चट्टा, सगळ्याला तीच. लावली की दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते. म्हणून ती लाडकी. पण स्टिरॉइडनं आजार जात नाही, आजाराची हाक बंद होते. आत नायटा पसरत राहतो, त्याचं रूप बदलतं, आणि मग डॉक्टरांनाही तो चटकन ओळखता येत नाही.

एका घरातलं बाळ मला आठवतं. चार महिन्यांचं असताना लंगोटाच्या जागी लाल झालं, म्हणून वडिलांनी अशी ट्यूब आणली. गुण आला. बंद केली की पुन्हा लाल. मग रोजच लावू लागले, वर डायपर. असे चार महिने. बाळाचे गाल गोबरे झाले, अंग भरलं. आजी कौतुकानं म्हणायची, "बाळानं बाळसं कसं धरलंय!" मी पाहिलं तर चेहरा चंद्रासारखा वाटोळा, पण लांबी वाढतच नव्हती, आणि मांडीची कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या. ते बाळसं नव्हतं. कातडीतून औषध रक्तात जात होतं. बाळाच्या वजनाच्या मानानं त्याची कातडी मोठ्या माणसापेक्षा खूप जास्त असते, आणि वर डायपर घट्ट बसला की औषध आणखी मुरतं. असं फार दिवस लावलेलं औषध एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते हळूहळू उतरवावं लागतं. त्या बाळाचं तसंच केलं. वर्षभरानं ते नीट वाढीला लागलं.

केंद्र सरकारनं २०१८च्या मार्चमध्ये स्टिरॉइडच्या चौदा मलमांना 'शेड्यूल एच'मध्ये घातलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. कागदावर कायदा आहे. दुकानात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून ट्यूबवरची नावं वाचायला शिका. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, यांतलं एक नाव असेल तर ते स्टिरॉइड. शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्या. मी असं म्हणत नाही की स्टिरॉइड म्हणजे विष. इसब झालेल्या बाळाला डॉक्टर सौम्य स्टिरॉइड थोडे दिवस देतात आणि ते योग्य असतं. पण किती, कुठे, किती दिवस, हे दुकानदारानं ठरवायचं नाही. लंगोटाच्या साध्या लालीला बहुतेक वेळा पुरतं ते इतकंच, ओला लंगोट लगेच बदलणं, साध्या पाण्यानं धुवून टिपणं, थोडा वेळ उघडं ठेवणं, झिंकचं साधं मलम. बाळ गोरं व्हावं म्हणून डाळीच्या पिठानं खसाखसा चोळू नका. इसबाच्या कोरड्या कातडीला तर घासणं म्हणजे आगीत तेल. तिला हवा असतो साधा ओलावा, खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलिनचा.

आता ज्याला थांबायचं नाही, त्याविषयी बोलते. पुढची लक्षणं दिसली तर त्याच दिवशी, त्याच रात्री निघायचं. लिहून घ्या.

तान्ह्या बाळाच्या अंगावर दहा किंवा जास्त पू भरलेल्या पुळ्या, किंवा एकच पण मोठं गळू. नाळेभोवतीची लाली पोटाच्या कातडीवर पसरते आहे. त्यासोबत बाळ दूध ओढत नाही, गार पडलंय किंवा तापलंय. अशा वेळी घरी हळद लावत बसायचं नाही. बाळंतपणानंतर आशाताई घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर बेचाळीस दिवसांत सहा वेळा. त्यांना चहा पाजून दारातून परत पाठवू नका. बाळाला उघडं करून दाखवा.

मुलाची कातडी भाजल्यासारखी लाल झाली, हात लावला की रडतं, आणि वरचा पापुद्रा सोलून निघतो. हा जंतूंच्या विषाचा आजार आहे, पाच वर्षांखाली जास्त होतो. शिरेतून औषध द्यावं लागतं.

कुठलंही औषध सुरू केल्यावर काही दिवसांत ताप, तोंडात फोड, डोळे लाल, अंगावर काळपट चट्टे आणि कातडी निघायला लागली, तर ते औषध थांबवा आणि त्याची पट्टी सोबत घेऊन रुग्णालय गाठा.

ताप आणि अंगावर लाल-जांभळे ठिपके. काचेचा पेला ठिपक्यावर दाबून आरपार पाहा. दाबल्यावर फिके होत नसतील तर ते कातडीखाली झालेलं रक्त आहे. डेंग्यू असेल, मेंदूज्वराचे जंतू असतील, काहीही असो, घरी बसायचं नाही. १०८ला फोन करा.

आणखी एक. पुस्तकातली पुरळाची चित्रं गोऱ्या मुलांची असतात. आपली मुलं सावळी. सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही, ती काळपट, जांभळट दिसते, किंवा दिसतच नाही. म्हणून तळहात, तळपाय, ओठांची आतली बाजू आणि डोळ्याची खालची पापणी ओढून पाहा. हाताच्या पाठीनं स्पर्श करा, गरम लागतंय का, कातडी जाड झालीय का.

गोवराचं तर सगळ्यांना वाटतं की तो गेला. २०२२ साली गोवंडीत साथ आली, मुलं दगावली. आपल्या ठाणे जिल्ह्यात भिवंडीतही रुग्ण निघाले, तिकडे मालेगावात निघाले. ताप, खोकला, नाक वाहणं, डोळे लाल, आणि मग कानामागून नि चेहऱ्यावरून खाली उतरत जाणारं पुरळ. कडुलिंबाचा डहाळा दाराला लावा, मी अडवणार नाही. पण मुलाचं खाणं बंद करू नका, दवाखाना चुकवू नका. गोवर झालेल्या मुलाला 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठ दोन दिवस देतात, त्यानं डोळे वाचतात, जीव वाचतो. आणि मुळात लस आहे, नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिली, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी. फुकट.

आता शेवटचा चट्टा. हा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कोणी पाहत नाही.

२०११ साली एक बाई आठ वर्षांच्या मुलीला माझ्याकडे घरी घेऊन आली, संध्याकाळी, दिवे लागल्यावर. मुलीच्या दंडावर फिकट चट्टा होता, रुपयाएवढा. शेजारणी म्हणायच्या जंत झालेत, म्हणून पांढरे डाग येतात. जंतांचं औषध झालं, कॅल्शियम झालं, चट्टा तिथेच. मी मुलीला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाच्या टोकानं हळूच इकडे तिकडे स्पर्श केला. "जिथे लागेल तिथे बोट ठेव." ती बरोबर दाखवत होती. चट्ट्यावर स्पर्श केला तेव्हा ती तशीच बसून राहिली, डोळे मिटून, पुढच्या स्पर्शाची वाट पाहत.

मी तिच्या आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मला माहीत होतं." आणि तिनं स्वतःच्या ब्लाऊजची बाही वर केली. दोन चट्टे तिथे होते, पाठीवर आणखी होते. करंगळी वाकायला लागली होती. चार वर्षं तिनं लपवलं होतं. कोणापासून? नवऱ्यापासून. का? कारण तिच्या मावशीला याच आजारामुळे सोडचिठ्ठी मिळाली होती, तीही कोर्टातून, कायद्यानं.

ते खरं होतं. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून लिहिलेलं होतं. कलम नवरा-बायको दोघांनाही लागू होतं. पण आजारी नवऱ्याची बायको बहुतेक वेळा त्याची सेवा करत राहते, आणि आजारी बायको माहेरी पोचवली जाते, हे सांगायला वकील लागत नाही. बहुविध औषधांनी कुष्ठरोग पुरता बरा होतो, हे आपल्या देशात १९८३ पासून आपण पाहत होतो. तरी ते कलम तसंच राहिलं. २०१९ साली संसदेनं पाच कायद्यांतून ते काढून टाकलं, हिंदूंच्या, मुसलमानांच्या, ख्रिश्चनांच्या आणि विशेष विवाह कायद्यातूनही. आता कुष्ठरोग झाला म्हणून कोणी कोणाला घटस्फोट मागू शकत नाही. ही बातमी तुमच्या चाळीत किती जणींना माहीत आहे? आज घरी जाऊन पाच जणींना सांगा.

आजाराचं थोडक्यात सांगते. फिकट किंवा लालसर चट्टा, तिथे स्पर्श कमी किंवा बधिर. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि तिथे स्पर्श कळतो, तो वेगळा. मुलांच्या गालावरचे कोरडे, पुसट डाग बहुतेक निरुपद्रवी असतात, तेही वेगळे. ना त्यांना जंत कारण असतात, ना कॅल्शियम. चेहऱ्यावरच्या चट्ट्यावर स्पर्शाची परीक्षा फसवी असते, म्हणून ती घरी न करता डॉक्टरांवर सोडा. सुई टोचून, चटका देऊन कधीही पाहू नका. औषधं सरकारी आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत फुकट मिळतात. सौम्य प्रकाराला सहा महिने, जास्त चट्टे असतील तर बारा महिने. औषध सुरू झालं की तो माणूस लवकरच दुसऱ्याला आजार देईनासा होतो. मूल घरात, शाळेत, सगळ्यांत राहू शकतं. गरोदर आणि पाजणारी बाईही ही औषधं घेऊ शकते. घरातल्या इतरांना तपासून रिफाम्पिसिनचा एक डोस देतात, दोन वर्षांखालची मुलं आणि गरोदर बाया सोडून. या आजाराचे जंतू फार सावकाश वाढतात, चट्टा दिसायला वर्षंच्या वर्षं जातात. म्हणून लहान मुलाला कुष्ठरोग दिसला की त्याचा अर्थ, जवळपास कोणीतरी मोठं माणूस औषधाविना आहे.

त्या मुलीच्या बाबतीत ते माणूस तिची आई होती. मुलीनं सहा महिने औषध घेतलं. चट्टा विरला. आज ती नोकरी करते. आईनं बारा महिने घेतलं. आजार गेला, करंगळी मात्र वाकडीच राहिली. चार वर्षं आधी आली असती तर तीही सरळ राहिली असती, आणि मुलीला कदाचित काही झालंच नसतं. पण त्यासाठी तिला भीती वाटणार नाही असं घर हवं होतं, आणि तसा कायदा हवा होता. मलम नंतरचं.

तर आता आपण काय करायचं? भाषण ऐकून टाळ्या वाजवून जायचं नाही. चार गोष्टी ठरवू.

एक. आपल्या वस्तीत कुणाच्या मुलाला खरूज दिसली तर खोलीनिहाय नाही, सगळ्या ओळीनं एका रात्री औषध लावायचं. आरोग्य केंद्रात चार-पाच जणींनी मिळून जायचं, माणसांची यादी घेऊन. एकटीला परत पाठवतात, पाच जणींना बसायला सांगतात.

दोन. औषध लावायच्या रात्री पुरुषांनी घरी असायचं. पाठीला स्वतःच्या हातानं औषध लागत नाही. बायकोच्या पाठीला त्यानं लावायचं. हसू नका, हे मी गंभीरपणे सांगतेय.

तीन. जी लक्षणं मी आत्ता लिहून घ्यायला सांगितली, ती कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दारामागे लावायची. रात्री दोन वाजता बाईला मुलाला घेऊन निघायचं असतं तेव्हा घरातून सांगतात, "सकाळी बघू." त्या वेळी बोलून उपयोग नसतो. कागदाकडे बोट दाखवायचं.

चार. कुठल्याही आईला 'घाण' म्हणायचं नाही. दवाखान्यातल्या माणसानं म्हटलं तर तिथल्या तिथे बोलायचं. मी स्वतः ते म्हणून बसलेली बाई आहे. त्या दिवशी रांगेतल्या एखादीनं मला थांबवलं असतं, "सिस्टर, असं बोलू नका, आधी त्या बाईच्या कोपराकडे बघा," तर ते मूल सुजलं नसतं.

मागच्या रांगेतल्या ताई, तुम्ही म्हणालात एक ट्यूब आणली की झालं. पुढच्या वेळी आणाल तेव्हा आधी तिच्यावरचं नाव वाचा. मग घरातली माणसं मोजा. आणि मोजताना पहिलं बोट स्वतःवर ठेवा.